केमोतल्या मुंग्या आणि ‘डॉक्टरांना सांगू नका’ म्हणणारा संदेश

‘केमोआधीच बी-कॉम्प्लेक्स, ई जीवनसत्त्व आणि कार्निटिनच्या गोळ्या सुरू करा. प्रत्येक केमोला हातपाय बर्फात ठेवा. तरी मुंग्या आल्या तर डॉक्टरांना सांगू नका, ते डोस कमी करतील. केमो संपली की सगळं आपोआप जातं.’ असा संदेश सध्या फिरतोय. केमोच्या काही औषधांनी हातापायांच्या नसा दुखावतात आणि मुंग्या, बधिरपणा, वेदना येतात, त्याबद्दल तो आहे. आपल्या माणसाच्या काळजीपोटीच लोक तो पुढे पाठवतात. पण तो पाळून त्याच माणसाचं नुकसान होऊ शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी कार्निटिन. टॅक्सेन गटातली केमोची औषधं चालू असलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या 409 स्त्रियांवर अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिनची चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी. 24 आठवड्यांनी खरी गोळी घेणाऱ्यांचाच नसांचा त्रास जास्त निघाला, आणि हा फरक दोन वर्षांनीही दिसत होता. कर्करोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेच्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच ही गोळी देऊच नका म्हणतात.

ई जीवनसत्त्वाचा चाचणीत उपयोग दिसला नाही. बी-6 तर मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेतलं की स्वतःच नसा खराब करतं, म्हणजे ज्या मुंग्या टाळायच्या त्याच येतात. बी-12 रक्तात खरंच कमी असेल, उदाहरणार्थ वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये, तर ते जरूर भरून काढावं. पण तपासून, डॉक्टरांच्या माहितीत.

बर्फाचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तेच जास्त घातक. थंडीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं. जपानमध्ये पॅक्लिटॅक्सेल हे टॅक्सेन गटातलं औषध घेणाऱ्या रुग्णांच्या एकाच बाजूच्या हातापायाला गोठवलेले मोजे घातले, दुसरी बाजू उघडी ठेवली. 2018 मध्ये आलेल्या निष्कर्षात मोज्यांच्या बाजूला बधिरपणा स्पष्ट कमी होता. चाचणी छोटी होती, तरी आशा वाटावी अशी. पण ते खास मोजे होते, सलाईनच्या 15 मिनिटं आधीपासून नंतर 15 मिनिटांपर्यंत, देखरेखीखाली. उघडी त्वचा बर्फात धरून ठेवली तर हिमदाह होतो, म्हणजे थंडीने त्वचेला इजा होते.

शिवाय संदेशात औषधाचं नावच नाही! ऑक्सालिप्लॅटिन या केमोच्या औषधात थंडीनेच झिणझिण्या उसळतात, गार पाण्याचा घोट घेतला तरी घसा आवळल्यासारखा होतो. अशा रुग्णाला बर्फात हात घाल म्हणणं म्हणजे मुद्दाम त्रास देणं.

‘डॉक्टरांना सांगू नका’ हे वाक्य वाचून मला सर्वांत जास्त राग आला. नसांची ही इजा सुरुवातीला पकडणारी भरवशाची रक्ततपासणी नाही. शर्टचं बटण लागत नाही, किल्ली हातातून पडते, पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, हे रुग्णाने सांगितलं तरच कळतं. ते लपवलं तर पुढचा डोस पूर्ण मात्रेत जातो, आधीच दुखावलेल्या नसांवर.

आणि उपचार थोडा कमी केला म्हणजे कर्करोगाचं फावलं, असंही नाही. मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या कर्करोगावर सहा चाचण्या एकत्र करून 12 हजारांहून जास्त रुग्णांत तीन आणि सहा महिन्यांच्या केमोची तुलना झाली. सलाईनमधून दिल्या जाणाऱ्या जोड-औषधांसोबत ऑक्सालिप्लॅटिन घेणाऱ्यांत मध्यम किंवा तीव्र नसांचा त्रास सहा महिन्यांत सुमारे 48 टक्क्यांना झाला, तीन महिन्यांत 17 टक्क्यांना. सगळ्यांना तीन महिने पुरतात असं त्यातून निघालं नाही. पण कमी जोखमीच्या रुग्णांत, विशेषतः ऑक्सालिप्लॅटिन कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांसोबत घेताना, तीन महिने जवळजवळ तितकेच परिणामकारक ठरले. कुठे कमी करता येतं, कुठे नाही, हे डॉक्टर ठरवतील. पण त्यांना त्रास माहीतच नसेल तर कसं ठरवणार?

‘आपोआप जातं’ हेही सरसकट खरं नाही. अनेकांचं कमी होतं. पण सिसप्लॅटिन किंवा ऑक्सालिप्लॅटिन ही औषधं घेतली असतील तर केमो थांबल्यावरही दोन-तीन महिने त्रास वाढत राहू शकतो. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात केमो संपल्यावर सहा महिन्यांनी किंवा त्यानंतरही सुमारे 30 टक्के रुग्णांत तो उरलेला होता.

संदेशात नसलेली एक गोष्ट मात्र करून बघण्यासारखी आहे: व्यायाम. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केमोदरम्यान तोल सांभाळण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हा त्रास 30 टक्क्यांना झाला, न करणाऱ्यांत 70 टक्क्यांना. आधीच बधिर पाय असतील तर फिजिओथेरपिस्टच्या आधाराने करा, पडायला नको.

वेदना सुरू झालीच असेल तर ड्युलोक्सेटिन या औषधाला चाचणीचा आधार आहे, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. आणि केमोच्या पुढच्या फेरीला जाताना कागदावर लिहून न्या: मुंग्या कुठपर्यंत चढल्यात, किती दिवस टिकतात, कोणतं काम अडतं.