मी हयात आहे, असं माझं म्हणणं आहे

वर्षातून एकदा मला मी जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. घरात हे काम सोपं आहे. आमटीत मीठ कमी आहे एवढं म्हटलं की बायकोची खात्री पटते. पण बायकोच्या सहीवर पेन्शन मिळत नाही. पेन्शनला सरकारी कागद लागतो, हयातीचा दाखला. तो वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते, म्हणजे सरकारच्या लेखी आपण गेलो. फक्त दहावा घालत नाहीत, एवढंच.

मी टर्नर. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात १९९७ ते २०२१ अशी चोवीस वर्षं लेथवर उभा राहिलो. त्याआधी ज्या वर्कशॉपमध्ये होतो तिथे 'फंड' म्हणजे गणपतीची वर्गणी. त्यामुळे कारखान्याच्या पगारपत्रकात 'पी.एफ.' अशी दोन अक्षरं दिसली तेव्हा मी घरी पेढे नेले होते. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, पेढा खाल्ला आणि विचारलं, "पैसे तुझे, मग ते ठेवणार सरकार कशाला?" अण्णांचा कोणावरच विश्वास नव्हता. ते पोस्टातून पैसे काढल्यावर तीनदा मोजत, आणि घरी येऊन चौथ्यांदा.

आमची पेन्शन १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेतली, म्हणून तिला सगळे 'ईपीएस पंच्याण्णव' म्हणतात. मालक आपल्या नावावर पगाराचे जे बारा टक्के भरतो त्यातले ८.३३ टक्के तिच्यात जातात आणि सरकार वरून १.१६ टक्के टाकतं. हा १.१६ आकडा कोणी काढला असेल त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. सव्वा टक्का म्हणायलाही त्याचा हात धजला नाही.

पेन्शन काढायचं सूत्र आहे: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. सत्तरच का, हे मी फंडाच्या खिडकीवर विचारलं होतं. खिडकी म्हणाली, "तसंच आहे." मग मी घरी पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा उमगलं, की पस्तीस वर्षं भरली तर निम्मा पगार हातात पडावा, असा तो सत्तरचा हिशेब आहे. वाईट नाही. गोम 'पगार' या शब्दात आहे. पगार म्हणजे आपला पगार नव्हे, सरकारने ठरवलेली मर्यादा. ऑगस्ट २०१४ पर्यंत ती ६,५०० होती, त्यानंतर १५,००० झाली आणि तिथेच बसली. दोन्हींचा वाटणीवार हिशेब होऊन माझ्या वाट्याला दरमहा ३,३१९ रुपये आले. महागाई भत्ता नाही. त्यामुळे हा आकडा मला माझ्या जन्मतारखेसारखा पाठ आहे, दोन्ही बदलत नाहीत.

मी तक्रार करतोय असं समजू नका. हजार रुपये किमान पेन्शनवर बसलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्यात मी सावकार. त्यांची मागणी साडेसात हजार आणि महागाई भत्ता अशी आहे. ते कोणत्याही चर्चेत 'कोशियारी समिती' असं म्हणून सुस्कारा टाकतात. राज्यसभेच्या त्या समितीने २०१३ मध्ये किमान तीन हजार द्या, अशी शिफारस केली होती. २०१४ मध्ये एक हजार मिळाले. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोशियारी पुढे २०१९ मध्ये आपल्याच राज्याचे राज्यपाल झाले आणि २०२३ मध्ये परतही गेले. हजार आहेत तिथेच आहेत.

तर दाखला.

२०२४ च्या नोव्हेंबरात मी सेवा केंद्रात गेलो. आमच्या योजनेत दाखला वर्षभरात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. पण पहिला दाखला नोव्हेंबरात दिल्यामुळे माझं वर्षश्राद्ध नोव्हेंबरातच येतं. सोबत बायको होती. रांगेत आठ-दहा माणसं, सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधार, पासबुक आणि पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स. संगणकावरचा मुलगा माझ्या नातवापेक्षा थोडाच मोठा.

"काका, अंगठा."

ठेवला. मशीनचा लाल दिवा लागला, विझला.

"जुळत नाही. जोरात नका दाबू."

हलका ठेवला. "एवढा हलका नको." मधला ठेवला. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. दहाही बोटं झाली. मुलगा म्हणाला, "काका, तुमची बोटं पार गुळगुळीत झालीत हो."

आता होणारच. चोवीस वर्षं ही बोटं कूलंटच्या तेलात होती, लेथच्या चकवर होती, लोखंडाच्या कडेची बारीक बर, म्हणजे कुसळं काढत होती. रांगेने सल्ले सुरू केले. एक म्हणाले, लिंबू चोळा. दुसरे म्हणाले, लिंबाने नाही, व्हॅसलीनने येतात. तिसरे बँकेतून निवृत्त झालेले, त्यांचा ठसा पहिल्या झटक्यात लागला होता, त्यामुळे ते अधिकारवाणीने म्हणाले, "हात गरम पाण्यात धरायचे." मागच्या एका आजींनी मनापासून विचारलं, "पायाचे घेत नाहीत का रे बाळा?"

मला त्या मशीनचं एक कळत नाही. काम केलं म्हणून पेन्शन, आणि काम केलं म्हणून ठसे गेले, तर ज्याचे ठसे गेलेत तोच खरा पेन्शनर हे मशीनला आधी कळायला हवं. उलट ज्याच्या दहाही बोटांचे ठसे टवटवीत आहेत त्याची चौकशी करा, काय करत होतास बाबा इतकी वर्षं?

"डोळे स्कॅन करू," मुलगा म्हणाला आणि स्वतःच म्हणाला, "ते मशीन नाहीये." मग लिंक गेली. लिंक गेल्यावर रांगेत जी शांतता पसरते ती मी फक्त स्मशानात अनुभवली आहे. वीस मिनिटांनी लिंक आली. मुलाने मोबाइल काढला. आता चेहऱ्यावरूनही दाखला होतो म्हणे.

"काका, सरळ बघा. डोळे मिचकावा."

मिचकावले.

"दोन्ही एकदम. हसू नका."

मी हसत नव्हतो, माझा चेहरा तसाच आहे. चष्मा काढला, पुन्हा मिचकावले. मागे बल्ब होता म्हणून खुर्ची फिरवली, पुन्हा मिचकावले. बायको शेजारी उभी राहून हा प्रकार बघत होती. ती रांगेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "छत्तीस वर्षांत माझ्याकडे बघून एकदा तरी मिचकावले असते." रांग हसली, मीही हसलो आणि मोबाइलने लाल चौकट दाखवली. हसणारा माणूस हयात धरत नाहीत. शेवटी मी इतका गंभीर झालो की बायको घाबरली, आणि त्याच क्षणी चौकट हिरवी झाली.

मी जिवंत असल्याचा कागद हातात आला. त्यावरचा माझा फोटो पाहून मात्र कोणीही उलटंच म्हणेल.

बाहेर पडलो तर चौकात आमच्या भाऊंचा फ्लेक्स. भाऊ म्हणजे आमचे माजी आमदार, दोन टर्म. त्यांनाही पेन्शन आहे आणि दाखला त्यांनाही लागतच असेल, पण त्यांचा त्रास कमी. त्यांच्या हयातीचा दाखला चौकाचौकात वीस बाय दहाचा टांगलेला असतो, खाली चाळीस शुभेच्छुकांच्या फोटोंसह साक्षांकित करून.

महिन्यापूर्वीच त्यांचा ज्येष्ठ नागरिक मेळावा झाला होता. प्रत्येकाला एक काठी मिळाली. मी अजून काठी टेकत नाही, तरी घेतली, माळ्यावर ठेवायला. भाषणात भाऊ म्हणाले, "राजकारणात निवृत्ती नसते. शेवटच्या श्वासापर्यंत तुमची सेवा करणार." टाळ्या पडल्या. स्टेजवरून उतरताना ते समोर आले म्हणून मी नमस्कार केला आणि विचारलं, "भाऊ, निवृत्ती नसते तर मग निवृत्तिवेतन कसलं?"

भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तब्येत जपा," म्हणाले आणि पुढच्या खांद्याकडे गेले.

आपल्या राज्यात माजी आमदाराला एका टर्मला महिना ५० हजार पेन्शन आहे आणि पाच वर्षांच्या वरच्या प्रत्येक वर्षाला दोन हजार जादा. भाऊंचे झाले ६० हजार. आमदारांच्या पगार-पेन्शनीत २०१६ साली वाढ झाली होती, त्यासाठी कोणी साखळी उपोषण केल्याचं माझ्या तरी स्मरणात नाही. त्या रात्री मी पुन्हा पेन्सिल काढली. भाऊंचं सूत्र स्वतःला लावलं. चोवीस वजा पाच, एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. पन्नास आणि अडतीस, अठ्ठ्याऐंशी हजार. मग माझं सूत्र भाऊंना लावलं. १५,००० गुणिले दहा, भागिले सत्तर. २,१४२ रुपये. झोप फार छान लागली.

एक गोष्ट राहिली. आम्ही कंपनी बदलली की जुना फंड नव्या खात्यात आणायला तेरा नंबरचा फॉर्म, दोन साहेबांच्या सह्या आणि नावात 'राव' राहिलं म्हणून सहा महिने लागायचे. भाऊंनी तीन पक्ष बदलले. दरवेळी फक्त उपरणं बदललं. सेवा सलग.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. दोन दिवस आधी भाऊंचा कार्यकर्ता चिठ्ठ्या घेऊन आला. त्याने मला अंगठा मागितला नाही, डोळे मिचकवायला लावले नाहीत. लांबूनच "काका!" म्हणून ओळखलं. चिठ्ठ्या तीन होत्या. माझी, बायकोची आणि अण्णांची.

अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. नाव वगळायचा सात नंबरचा फॉर्म मी दोनदा भरून दिला, मृत्यूचा दाखला जोडून. तरी दर निवडणुकीला यादीत माझ्या बरोबर वर अण्णा असतातच, वय वाढत वाढत आता शहाण्णव.

"अण्णांना गाडी पाठवू का?" कार्यकर्त्याने विचारलं. आतून बायको म्हणाली, "अहो, दाखला त्यांच्याच नावाने काढायला हवा होता. एवढी धडपड तरी वाचली असती."

मतदानाला गेलो. टेबलावरच्या बाईंनी यादीत बघितलं, नाव वाचलं, खूण केली. डाव्या हाताची तर्जनी पुढे करताना मी सवयीने ती पँटला पुसली. उगीच पुसली. जिच्यावर आठवड्यापूर्वी मशीनला एक रेघ सापडली नव्हती, त्या बोटावर शाई पहिल्या फटक्यात बसली, नखाच्या कडेपासून कातडीपर्यंत.

बाहेर कार्यकर्ता उभा होता. माझं बोट बघून त्याने हातातल्या कागदावर टिक केली, मग माझ्या मागे डोकावून पाहिलं.

"अण्णा कुठं राहिले?"