पाणी उकळून प्यायल्यानं लिजिओनेला टळत नाही

एखाद्या सार्वजनिक इमारतीच्या पाण्यात लिजिओनेला हा गंभीर न्यूमोनिया करणारा जीवाणू सापडला की ठरलेला संदेश फिरू लागतो: ‘पाणी उकळून प्या, टाकीत एकदा क्लोरीन टाका, रुग्णापासून लांब राहा.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण हा सल्ला भलत्याच दिशेनं नेतो.

हा जीवाणू मुख्यतः श्वासातून फुप्फुसात जातो. शॉवर, कारंजी, कूलिंग टॉवर (मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनाचं पाणी थंड करणारी यंत्रणा) यांतून उडणारे पाण्याचे सूक्ष्म तुषार ही त्याची वाट. 1976 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं, त्यातले 29 जण दगावले. कारण असलेला जीवाणू सापडायला जानेवारी 1977 उजाडला. वाट तुषारांची आहे, म्हणून संशय येताच आधी शॉवर आणि कारंजी बंद करायची, कूलिंग टॉवरचे पंखे थांबवायचे. उकळलेलं पाणी पिऊन कुणी त्याच नळाच्या शॉवरखाली उभं राहिलं, तर काय साधलं?

क्लोरीनचा मुद्दा अधिक धोक्याचा, कारण त्यानं काम झाल्यासारखं वाटतं. जीवाणू पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरात, अमिबांच्या पोटात लपतो. वापर नसलेल्या नळांपर्यंत क्लोरीन पोहोचतच नाही. 2015 मध्ये न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये या जीवाणूनं 138 जण आजारी पडले, 16 दगावले. काही आठवड्यांतच त्याच भागात दुसरा उद्रेक झाला, आणि तिथल्या नुकत्याच निर्जंतुक केलेल्या कूलिंग टॉवरांत जीवाणू पुन्हा सापडला. म्हणून पाइपांची बंद टोकं कापावी लागतात, साठलेलं पाणी तुषार न उडवता सोडून द्यावं लागतं, गरम पाणी टाकीत किमान 60 अंशांवर ठेवावं लागतं (35-40 अंशांचं कोमट पाणी त्याला फार मानवतं). फेरतपासणीही लगेच नको, काही दिवसांनी करावी. क्लोरीनचा अंमल असताना घेतलेला नमुना फसवा स्वच्छ येतो.

माणसाकडून माणसाला? 2014 मधलं पोर्तुगालचं एक संभाव्य उदाहरण सोडलं तर तसा संसर्ग नोंदलेला नाही. रुग्णाला टाळण्यात अर्थ नाही. त्याला लवकर डॉक्टरकडे न्या आणि इमारतीचा उल्लेख जरूर करा. न्यूमोनियावर नेहमी दिली जाणारी पेनिसिलिन गटातली औषधं इथं चालत नाहीत. लेव्होफ्लॉक्सॅसिन किंवा अझिथ्रोमायसिन लागतं. लघवीची चाचणी मुख्यतः या जीवाणूचा एकच प्रकार पकडते, त्यामुळे ती निगेटिव्ह आली तरी कफ तपासावा. लक्षणं साधारण 2 ते 14 दिवसांत दिसतात. तोवर कित्येक जण इमारत सोडून घरी गेलेले असतात, म्हणून व्यवस्थापनानं सूचना दारावर लावून थांबू नये, येऊन गेलेल्या प्रत्येकाला कळवावी.