'सोय' या शब्दावरून

नमस्कार. आपली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर ते छापण्यासारखं झालं नसतं, म्हणून दोन दिवस थांबलो.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विशीतल्या मित्रांच्या डोंगरमोहिमांवरचा माझा लेख प्रतिक्रिया देणाऱ्यांना भाबडा वाटला. त्यांचं म्हणणं असं: 'दहा दिवस एका तंबूत झोपलात आणि मित्राचे वडील आजारी आहेत हे तुम्हाला परत आल्यावर कळलं, असं तुम्हीच लिहिता. एकमेकांशी बोलावं लागू नये म्हणून पुरुषांनी काढलेली ही सोय आहे.' शिवाय मुलींचा उल्लेख नाही, धोक्याचं कौतुक आहे, आणि एक तपशील चुकलाय.

तपशिलाचं आधी. चूक माझीच. चे ग्वेरा आणि त्याचा मित्र ग्रानादो यांनी १९५२ साली दक्षिण अमेरिका 'मोटारसायकलवरून पालथी घातली' असं मी लिहून गेलो. त्यांची जुनी नॉर्टन चिलीतच कायमची बसली; पुढचा प्रवास मिळेल त्या ट्रकमधून, बोटीतून, पायी झाला. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. 'निदान एवढं तरी तपासायचं' हे शेपूट जोडलं नसतं तरी आभार मानलेच असते.

आता 'सोय'.

हा शब्द लागला, हे लपवत नाही. सोय माणूस बसल्या जागी बघतो. पाठीवर अठरा किलोची सॅक घेऊन, ओल्या मोज्यांत, कुणी सोय बघायला जात नाही.

त्या दहा दिवसांच्या मोहिमेत मी बावीसचा होतो, तो मित्र तेवीसचा. चौथ्या रात्री, ४,२०० मीटरवर, माझं डोकं फुटायला आलं. ओकाऱ्या सुरू झाल्या आणि तंबूबाहेर आलो तर पाय सरळ रेषेत पडेना. उंचीवर तोल जायला लागला की थांबून बघण्यात अर्थ नसतो, खाली उतरायचं, आणि ताबडतोब. 'बरं वाटतंय का' असं त्याने विचारलं नाही. माझ्या बुटांच्या नाड्या गोठून तारेसारख्या झाल्या होत्या. त्याने त्या आधी मुठीत धरल्या, मग तोंडात धरल्या, आणि वाकतील एवढ्या झाल्यावर बांधल्या. दोघांत एकच हेडटॉर्च चालू होती, ती माझ्या डोक्यावर चढवली. स्वतः मागून माझ्या कमरेचा पट्टा धरून अंधारात चालला. पाय सटकला की पट्टा ताणला जायचा आणि मी जागच्या जागी उभा राहायचो. जवळपास सहाशे मीटर उतरेपर्यंत आम्ही चारच शब्द बोललो असू: दगड, डावीकडे, थांब, चल.

वडिलांचं त्याला तेव्हा माहीत होतं. मला नव्हतं. तुम्ही याला माझं अपयश म्हणता. घरी त्याला दिवसातून दहा माणसं 'आता कसं आहे?' विचारत होती. जिथे कुणी विचारणार नाही अशी दहा दिवसांची जागा त्याला हवी होती, ती मी दिली. नकळत दिली, हे खरं. पण दिली.

१९८५ साली पेरूमध्ये सिउला ग्रांदे या ६,३४४ मीटरच्या शिखरावरून उतरताना जो सिम्पसन या गिर्यारोहकाचा पाय मोडला. बरोबर एकटा सायमन येट्स. दोघंही विशीतले. येट्सने दोन दोर गाठ मारून जोडले आणि सिम्पसनला टप्प्याटप्प्याने खाली सोडत गेला. गाठ आली की खालच्याने दोरावरचं वजन काढायचं, म्हणजे वरच्याला ती पलीकडे घेता येई. हाका ऐकू येत नव्हत्या, बोलणं सगळं दोरातून. शेवटी सिम्पसन कड्यावरून अधांतरी लटकला, त्याला वजन काढता येईना, वरून येट्सला काहीच कळेना. बराच वेळ धरून ठेवल्यावर येट्सने दोर कापला. सिम्पसन हिमभेगेत पडला, तरी जिवंत परतला, आणि लोक येट्सवर तुटून पडले तेव्हा त्याचीच बाजू घेत राहिला. या दोघांनी आधी 'मनमोकळं बोलायला' हवं होतं का? बसल्या खुर्चीतून सगळंच सोपं दिसतं. तुम्ही कधी कुणाचा पट्टा धरून रात्रभर चालला आहात? तुमच्या प्रतिक्रियेवरून तरी वाटत नाही.

(वरचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.)

बाकी मुद्दे. धोक्याबद्दल: २००५चा गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा प्रयोग मलाही ठाऊक आहे: ३०६ जण, संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ, आणि दोस्त बघत असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करतात. खेळ होता तो. डोंगरावर दोस्त नुसते बघत बसत नाहीत. मुलींबद्दल: लेख मुलग्यांवर होता. संपलं.

आणि अभ्यासच हवे असतील तर जेफ्री हॉल या संशोधकांचा घ्या. ओळखीच्या माणसाचा जवळचा मित्र व्हायला साधारण दोनशेहून जास्त तास एकत्र घालवावे लागतात, असा त्यांचा हिशेब. आमचे दहा दिवस म्हणजे २४० तास. झोप धरून, बरं. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, मुलं झाली, आणि सलग दोन मोकळे दिवस जुळवायला सहा महिने फोनाफोनी करावी लागते. विशीत साठवलं तेवढ्यावरच पुढची वीस वर्षं निघाली. हे लेखात तीन परिच्छेद होतं. त्यावर तुम्ही अक्षर लिहिलं नाही, 'सोय' तेवढी लिहिली.

'त्याला तुम्ही नंतर तरी कधी विचारलंत का?' हा तुमचा शेवटचा प्रश्न. तो खोचकपणे विचारला आहे, म्हणून उत्तर देणार नव्हतो. देतो. नाही. वडील त्याच वर्षी गेले. मी गेलो होतो, दिवसभर त्याच्या शेजारी बसलो होतो.

काल तुमची प्रतिक्रिया त्याला जशीच्या तशी पाठवली. तासाभराने नुसता अंगठा आला. कुणाच्या बाजूने, ते मी विचारलं नाही.