शवपेटीवरचा कुत्रा

चवथीच्या सुट्टीत वाड्यावरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत फिरला. एचएमव्ही, म्हणजे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ (मालकाचा आवाज), या तबकड्यांच्या लेबलवरचा भोंग्यापुढे बसलेला कुत्रा म्हणे मेलेल्या मालकाच्या शवपेटीवर बसून त्याचा आवाज ऐकतोय! खाली रडक्या इमोजींची रांग. कथा साफ खोटी आहे. शवपेटी-बिटी काही नाही, गुळगुळीत चकाकणारा पृष्ठभाग आहे, बस्स.

कुत्रा मात्र खरा. निपर. जन्म १८८४ च्या सुमारास, ब्रिस्टलचा. पाहुण्यांच्या पोटऱ्या चावायला धरायचा (इंग्रजीत ‘निप’), म्हणून हे नाव. मालक मार्क बॅरॉड १८८७ मध्ये वारला, मग चित्रकार भाऊ फ्रान्सिसने त्याला सांभाळलं. १८९५ मध्ये निपरही गेला. लेबलवर आलेलं फ्रान्सिसचं चित्र त्यानंतरचं, शीर्षक तेच, ‘हिज मास्टर्स व्हॉइस’.

आता खरी गंमत. मूळ चित्रात ग्रामोफोन नव्हताच. होता नळकांड्यावर चालणारा फोनोग्राफ, ज्यावर घरच्या घरी कुणाचाही आवाज भरता यायचा. एडिसन-बेल कंपनीने चित्र नाकारलं. काळ्या भोंग्याऐवजी पितळी भोंगा रंगवावा म्हणून फ्रान्सिस तो उसना मागायला लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत गेला. तिथला मॅनेजर ओवेन म्हणाला, आमचं यंत्र काढ, चित्र आम्ही घेतो. गड्याने जुन्या यंत्रावर रंग चढवून नवं काढलं! १८९९ मध्ये ५० पौंड चित्राचे, ५० हक्कांचे.

पण ग्रामोफोनवर घरी आवाज भरताच येत नाही. दुकानातून आणलेली तबकडी तेवढी वाजते. म्हणजे सौदा झाला आणि मालकाचा आवाज चित्रातून गेला, मागे राहिलं नुसतं शीर्षक. इतकी देखणी थाप जाहिरातवाल्यांना पुन्हा जमली नसेल. ती सोडून आपण शवपेटी कवटाळून बसतो, याचा मला राग येतो.

फोंड्याकडच्या जुन्या घरांत त्या लाखेच्या तबकड्या होत्या. चावी भरून पिन टेकवली की लेबलवरचा कुत्रा भोंग्यासकट गरगर फिरायचा. पोरांचं लक्ष त्याच्याकडेच, गाणाऱ्याचं नाव वाचतो कोण! आणि गाणारी कोण, तर आपल्या केरीच्या केसरबाई केरकर. सावकाश फुलणारा त्यांचा ख्याल एका बाजूच्या जेमतेम तीन मिनिटांत बसवायचा, हा काय छळ! तरी ऐकताना कुठे घाई जाणवत नाही. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. वाड्यावरच्या किती जणांनी ती ऐकलीय, देव जाणे.

यूट्यूबवर आहे. ग्रुपवर ती टाका.