पावसाळ्यात टॉकीजला काय लावायचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पावसाळ्यात तालुक्याच्या टॉकीजला निवडून जुने चित्रपट लावा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुमच्या तीन हरकती आहेत. मोबाइलवर फुकट दिसणाऱ्या सिनेमाला सत्तर रुपये कोण देणार, ही पहिली. शुक्रवारी येणारा नवा सिनेमाच घ्यावा, गर्दी कमी झाली तरी वितरक सांभाळला जातो, ही दुसरी. आणि तेही जमत नसेल तर जून ते ऑगस्ट टॉकीज बंद ठेवावी, वीज तरी वाचेल, ही तिसरी. शिवाय आठवड्यात दोनदा सिनेमा बदलण्याचा त्याच लेखातला सल्ला चुकीचा आहे, असंही तुम्ही म्हणता. तिथे तुमचं बरोबर आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी हिशेब करू. तिकीट ७० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, म्हणजे कर वजा जाता साधारण ६६ रुपये ६७ पैसे. वीज, ऑपरेटर, डोअरकीपर, झाडलोट मिळून एका खेळाचा खर्च १,८०० रुपये धरा. नवा सिनेमा पन्नास टक्क्यांवर, म्हणजे निम्मा गल्ला वितरकाला देऊन, घेतला तर माणशी हातात ३३ रुपये राहतात आणि खर्च भागायला ५४ माणसं लागतात. जुना सिनेमा आठवड्याला ६,००० रुपये फिक्स हायरवर, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, घेतला आणि रोज तीन म्हणजे २१ खेळ केले, तर खेळामागे २८६ रुपये पडतात. खर्च ३२ माणसांत भागतो. जुन्याला ४० माणसं आली तर खेळाला जवळपास ५८० रुपये उरतात. तेवढेच नव्या सिनेमातून उरायला ७२ माणसं हवीत. आकडे आपापल्या टॉकीजचे घाला, पण जुलैतल्या मंगळवारी दुपारी ७२ माणसं आणणारा नवा सिनेमा वर्षाकाठी किती वेळा मिळतो, हे डीसीआरच्या, म्हणजे रोजच्या गल्ल्याच्या हिशेबाच्या, जुन्या वह्या काढून बघा.

नव्या सिनेमाच्या तिसऱ्या आठवड्यात वितरकाचा टक्का उतरतो, हे खरं. चाळीस टक्क्यांवर मिळाला तर ४५ माणसांत भागतं. मात्र दाक्षिणात्य डब सिनेमा तिसऱ्या आठवड्यात जपून घ्या. हिंदी चित्रपट ओटीटीवर यायला सहसा आठ आठवडे लागतात, दक्षिणेचे बरेचसे चारच आठवड्यांत येतात. तुमचं पोस्टर भिजून फाटायच्या आत तो गावातल्या मोबाइलवर असतो.

आता फुकटचा मुद्दा. ‘तुंबाड’ २०१८ चा. कित्येक वर्षं मोबाइलवर होता. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला त्याने जमवला. तो आकडा तालुक्याला जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य. पण मोबाइलवर आहे म्हणून थिएटरात चालत नाही, हा नियम तिथे मोडला. तुमच्या हरकतीतला खरा भाग वेगळा आहे: टीव्हीवर दर रविवारी लागणारा मराठी विनोदी सिनेमा तिकिटावर चालत नाही. तो घरी जेवताना बघायची लोकांना सवय झालेली असते. चालतो तो मारामारीचा, गाण्यांचा, चार जणांत शिट्टी मारावीशी वाटणारा सिनेमा. तो ओळखायची सोपी खूण म्हणजे लग्नसराईत वरातीपुढे बँडवाले कोणती गाणी वाजवत होते ते आठवा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं गाणं अजून वाजत असेल, तर त्या सिनेमाचा भाव विचारायला हरकत नाही.

पण माझ्या लेखाचा मुद्दा नवा की जुना हा नव्हताच. कोण, कधी मोकळं आहे हे आधी बघायचं आणि सिनेमा मग ठरवायचा. पेरणीच्या दिवसांत शुक्रवारला काही अर्थ नसतो. आठवडी बाजाराला असतो. मजुरांचा हिशेब बाजाराच्या दिवशी होतो, खेड्यातली माणसं तालुक्याला येतात, बाराच्या खेळाला हातात पैसे आणि दोन तास मोकळे असतात. फिक्स हायरचा सिनेमा शुक्रवारीच लावायचं बंधन बहुधा नसतं, तो बाजाराच्या आदल्या दिवसापासून सुरू करा. अमावास्येला बऱ्याच गावांत औत जुंपत नाहीत, तो दिवसही कॅलेंडरवर खूण करून ठेवा. पेरणी उरकून खुरपणी सुरू व्हायच्या आधी मोकळे दिवस मिळतात, पगाराच्या तारखेनंतरचा पहिला रविवार तिथे आला तर चांगला सिनेमा त्याच आठवड्यासाठी राखून ठेवा.

सिनेमाची लांबी कोणी विचारत नाही, आणि पावसाळ्यात तीच संध्याकाळचा खेळ मारते. सहाच्या खेळाला १४५ मिनिटांचा सिनेमा, १५ मिनिटं मध्यंतर, १० मिनिटं जाहिराती, म्हणजे सुटायला आठ पन्नास. गावची मुक्कामी एसटी साडेआठला गेलेली असते. त्या गावचे लोक पुढच्या वेळी येत नाहीत. १२० मिनिटांचा सिनेमा, १० मिनिटं मध्यंतर आणि ५ मिनिटं जाहिराती केल्या तर सव्वाआठला माणूस स्टँडकडे चालू लागतो. दोन सिनेमे सारख्याच भावात मिळत असतील तर आखूड घ्या.

बायकांचा खेळ हा पावसाळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित खेळ. ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ ला, आषाढी एकादशीच्या दुसऱ्याच दिवशी लागला, म्हणजे धंद्याच्या भाषेत पडत्या काळात. बायका गटागटाने, नटूनथटून आल्या आणि तो महिनोन्महिने चालला. असा सिनेमा रोज मिळत नाही, पण बचत गट, भिशी, भजनी मंडळ ही मंडळी दर तालुक्यात आहेत. दुपारी साडेबारा ते तीन, फक्त बाल्कनी उघडी, स्वच्छतागृह खेळाआधी धुतलेलं आणि कडी नीट लागणारं. शेवटची गोष्ट सिनेमापेक्षा महत्त्वाची आहे. श्रावणात या वेळेला पौराणिक किंवा संतपट लावा, रात्रीच्या खेळाला नको. रात्री येणारा गडी वेगळा असतो, त्याला मारामारी हवी.

आठवड्यात दोनदा सिनेमा बदलण्याबद्दल: रिक्षा फिरवून खेड्यापाड्यांत बातमी पोचायला दोन दिवस लागतात. ती पोचते तोवर सिनेमा उतरलेला असेल तर लोक दारातून परत जातात. मी ते वाक्य मागे घेतो. आठवडाभर दुपारी एक आणि रात्री एक असे दोन सिनेमे ठेवा, पोस्टरवर वेळ सिनेमाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात लिहा.

वितरकाबद्दलही तुमचं अर्धं बरोबर आहे. दिवाळीचा मोठा सिनेमा हवा असेल तर मधले पडेल सिनेमे घ्यावे लागतात. मग महिन्यातून एक घ्या, पण रोजच्या सगळ्या खेळांऐवजी दोन खेळांवर, आणि किती माणसांखाली गेला तर उतरवायचा हे बुकिंग करतानाच लिहून घ्या. फोनवरचा शब्द सोमवारी कामाला येत नाही.

जुना सिनेमा घेताना भावाआधी एक प्रश्न विचारा: टॉकीजला सिनेमा पुरवणाऱ्या आपल्या डिजिटल सेवेकडे तो आहे का, आणि हक्क कोणाकडे आहेत. कोणी हार्डडिस्कवर आणून देतो म्हणाला तर हात लावू नका. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर चोरीची प्रत दाखवणाऱ्याला किमान तीन महिने तुरुंगवास आणि किमान तीन लाख दंड आहे. सिनेमा सर्व्हरवर उतरलेला असला तरी त्या खेळांचा डिजिटल परवाना (सिनेमा उघडणारी चावी) आल्याशिवाय तो चालत नाही. धो धो पावसात डिशचा सिग्नल तुटतो आणि डाऊनलोड अर्धवट राहतं, म्हणून शुक्रवारसाठी निर्णय मंगळवारी झालेला हवा आणि परवाना आदल्या रात्री तपासलेला हवा. मग पहिली दहा मिनिटं रिकाम्या थिएटरात चालवून बघा. खूप जुने बरेच सिनेमे जवळजवळ चौरस आकाराचे असतात. प्रोजेक्टर रुंद पडद्याच्या सेटिंगवर राहिला तर चेहरे पसरट दिसतात किंवा डोकी कापली जातात. आवाजही ऐका: जुना मोनो (एकाच ट्रॅकचा) आवाज मधल्या स्पीकरमधूनच येतो, आणि माणसं कमी असली की थिएटर घुमतं, संवाद कळत नाहीत. आवाज वाढवला की घुमणं वाढतं. त्यापेक्षा सगळ्यांना मधल्या रांगांत एकत्र बसवा.

राहिलं बंद ठेवणं. विजेचा स्थिर आकार बंद टॉकीजलाही भरावा लागतो. पडद्याला बुरशी धरते, उंदीर स्पीकरच्या वायरी कुरतडतात, बंद खोलीतल्या दमट हवेने प्रोजेक्टरचे बोर्ड खराब होतात, आणि चांगला ऑपरेटर दुसरं काम धरतो. नाइलाजाने ठेवलीच तर आठवड्यातून एकदा दोन तास प्रोजेक्टर, अ‍ॅम्प्लिफायर आणि पंखे चालवा, दारं उघडी ठेवा, पडद्यामागे टॉर्च घेऊन वायरी पाहा. माझ्या मते रोजचा एक खेळ चालू ठेवणं यापेक्षा स्वस्त पडतं. बाजाराच्या दिवशी दोन करा.

तुमच्या तालुक्याचा बाजार कोणत्या वारी असतो आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते तेवढं कळवा, म्हणजे खेळांच्या वेळा मांडून देतो.