‘वातावरण निवळेपर्यंत सगळं रोखीत ठेवा’: निवृत्तीच्या तोंडावर हा सल्ला का ऐकू नये

सध्या एक संदेश भरपूर फिरतोय. त्याचा सारांश असा: युद्धं, व्यापारातली भांडणं, सत्तापालट, महागाई, कशाचाच भरवसा उरलेला नाही. अशा काळात निवृत्तीचं नियोजन म्हणजे नुसते कागद काळे करणं. शेअर आणि फंड विकून टाका, रोख आणि सोनं धरून बसा, वातावरण निवळलं की बघू.

यातली भीती खरी आहे. उपाय मात्र चुकीचा आहे, आणि तो ऐकणारा पन्नाशी ओलांडलेला असेल तर नुकसान भरून काढायला कमाईची वर्षंही फारशी हातात नसतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘इतकी अनिश्चितता पूर्वी कधीच नव्हती.’ पंचविशीत कमाई सुरू करून पंच्याऐंशीपर्यंत जगणाऱ्या माणसाचा हिशेब साठ वर्षांचा असतो. मागच्या साठ वर्षांत १९७३ची तेलबंदी, सोव्हिएत संघाचं विघटन, २००८चं बँकसंकट आणि २०२०ची महासाथ येऊन गेली. शांत साठ वर्षं कुणाच्याच वाट्याला आलेली नाहीत.

‘रोख सुरक्षित. नंतर परत बाजारात येता येईल.’ महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर पैशाची खरेदीची ताकद साधारण १२ वर्षांत निम्मी होते आणि २५ वर्षांत जेमतेम २३ टक्के उरते. खात्यातला आकडा तोच दिसतो, म्हणून ही घट कळत नाही. ठेवीचं व्याज ती काही प्रमाणात भरून काढतं, पण कर वजा जाता बरेचदा ते पुरं पडत नाही.

परत येण्याचं गणित तर आणखी अवघड. अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक २०२० मध्ये २३ मार्चला तळाला गेला आणि १८ ऑगस्टला जुन्या उच्चांकावर पोहोचला. तेव्हा साथ ओसरलेली नव्हती. २००९ मध्येही बाजार मार्चमध्ये वळला, पण तिथली बेरोजगारी ऑक्टोबरपर्यंत वाढतच होती. वातावरण निवळल्याची बातमी येते तोवर भाव वर गेलेले असतात. विकणं आणि परत घेणं, असे दोन निर्णय बरोबर यावे लागतात. संदेशात फक्त पहिल्याचीच चर्चा आहे.

‘सोनं कधी दगा देत नाही.’ जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला सुमारे ८५० डॉलरवर होतं, १९९९ मध्ये २६०च्या खाली. ८५०चा टप्पा पुन्हा ओलांडायला जानेवारी २००८ उजाडलं, आणि हा हिशेब महागाई न धरता आहे. दरमहा खर्चाला पैसे लागणाऱ्या निवृत्ताला २८ वर्षं थांबता येत नाही. एकूण पुंजीच्या ५ ते १० टक्के सोनं ठेवायला आमची हरकत नाही, पण पुंजीचा कणा म्हणून ते चालत नाही.

‘भविष्य कळतच नाही, मग आकडेमोड कशाला?’ सगळ्यांत घातक मुद्दा हाच. नियोजनात भविष्य ओळखायचं नसतं. वाईट वर्षं नेमकी निवृत्तीच्या सुरुवातीला आली तरी पैसा टिकावा, अशी मांडणी करायची असते.

समजा पुंजी १०० आहे आणि दरवर्षी सुरुवातीला ५ काढायचे आहेत. पाच वर्षांचा परतावा उणे २०, उणे १५, अधिक १०, अधिक २०, अधिक २५ टक्के. काहीच काढलं नाही तर क्रम कसाही लावा, शेवटी ११२ होतात. पण पैसे काढत असताना वाईट वर्षं आधी आली तर ७७.६ उरतात आणि उलट्या क्रमाने आली तर ९१. कारण पडलेल्या भावात विकलेले फंडाचे युनिट (हिस्से) पुढच्या तेजीत आपल्याजवळ नसतात.

म्हणून पडत्या वर्षी विकायची वेळच येऊ नये, याची सोय करायची. गेल्या बारा महिन्यांच्या बँक नोंदींवरून वर्षाचा खर्च काढा. घरदुरुस्ती, दातांचे उपचार, वाहन बदलणं असे अधूनमधून येणारे खर्च वार्षिक हिश्श्याने त्यात मिळवा. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. त्यातून पेन्शन, भाडं असं ठरलेलं उत्पन्न वजा केलं की उरते ती तूट. दोन-तीन वर्षांची तूट ठेवींत, पुढच्या चार-पाच वर्षांची अल्प ते मध्यम मुदतीच्या दर्जेदार रोख्यांत, बाकीचं शेअर फंडांत. दीर्घ मुदतीचे रोखे इथे नकोत: २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर झपाट्याने वाढले तेव्हा शेअरबरोबर तेही जोरात आपटले.

शेअर वधारलेल्या वर्षी त्यातून ठेवी पुन्हा भरायच्या. पडलेल्या वर्षी ठेवीतून खर्च चालवायचा, त्या संपल्या तर रोख्यांतून, आणि शेअरना हात लावायचा नाही.

किती काढावं याला कुंपण हवं. अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये तिथल्या आकडेवारीवरून पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढणं आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवणं, या दराने पुंजी ३० वर्षं टिकल्याचं दाखवलं. सगळ्यांत बिकट अवस्था १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांची होती, कारण पुढे सत्तरच्या दशकातली महागाई आली. हा दर अमेरिकेचा आहे. इतर देशांत ३ ते ३.५ धरणं शहाणपणाचं. उदाहरणार्थ, सुरुवात ४ने केली आणि पुंजी घटल्यामुळे काढलेली रक्कम तिच्या ४.८ टक्क्यांवर गेली, तर त्या वर्षी काढायच्या रकमेत १० टक्के कपात करा, तीही ऐच्छिक खर्चातून. ३.२च्या खाली गेली तर तेवढीच वाढ घ्या.

‘सरकारच नियम बदलेल, बँकाच बुडतील.’ हे घडलेलं आहे. सायप्रसमध्ये २०१३ साली मोठ्या बँकांतल्या एक लाख युरोंवरच्या ठेवींना कात्री लागली. ग्रीसमध्ये २०१५ साली एटीएममधून दिवसाला ६० युरोच मिळत होते. पण मग सगळं रोखीत कसं ठेवायचं? फटका तर तिथेच बसला. सोनंही सुटलेलं नाही: अमेरिकेने १९३३ मध्ये नागरिकांना बहुतेक सोनं सरकारजमा करायला लावलं. परदेशी गुंतवणूकही अडकते. २०२२ मध्ये रशियन शेअरमधले परदेशी गुंतवणूकदार अडकून पडले.

यावर उपाय विभागणीचा. उत्पन्न एकाच पेन्शनवर, एकाच देशावर, एकाच संस्थेवर टेकलेलं नको. ठेव विम्याची (बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणाऱ्या भरपाईची) मर्यादा बहुतेक देशांत एका ठेवीदाराला एका बँकेपुरती असते, शाखेगणिक नाही, म्हणून चार शाखांत चार ठेवी करून काही साधत नाही. काही देशांत साठलेलं व्याजही त्या मर्यादेत मोजतात. तिथे मुद्दल मर्यादेला टेकवून ठेवलं तर व्याज विम्याबाहेर राहतं. ठेव करतानाच तेवढी जागा सोडा.