सूचना पाठवली, पुढे तिचं काय झालं?

सरकारने एखाद्या नियमाच्या किंवा कायद्याच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या की दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर तयार ईमेल फिरायला लागतो. खाली आपलं नाव घाला, पाठवा, झालं काम. कळकळीची विनंती आहे, तो तसाच पुढे ढकलू नका.

डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्याबद्दल चार प्रश्न विचारले होते. ठरावीक संकेतस्थळं मोफत देणाऱ्या फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' योजनेच्या बाजूने एकाच साच्यातले लाखो ईमेल गेले. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच त्यांत नाहीत, असं ट्रायने फेसबुकला लेखी कळवलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये असे भेदभाव करणारे दर बंद झाले.

हरकतीत तीन गोष्टी हव्यात: कलम, अडचण आणि बदललेले शब्द. ३ जानेवारी २०२५ ला आलेला केंद्राच्या डेटा संरक्षण नियमांचा मसुदा घ्या. नियम १० मुलांचा डेटा वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याबद्दल होता. त्यावर 'मुलांच्या सुरक्षेची काळजी घ्या' एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याने करायचं काय? त्यापेक्षा असं लिहा: 'नियम १०. संमती देणारी व्यक्ती सज्ञान आहे एवढंच तपासलं जातं, ती त्याच मुलाची पालक आहे का हे नाही. म्हणून "सज्ञान आहे" यापुढे "व त्या मुलाची पालक आहे" हे शब्द घालावेत.' तीन ओळी पुरतात. हे तपासायचं कसं, हा पुढचा प्रश्न आहेच. पण आता निदान तो कोणालातरी सोडवावा लागेल.

आणखी एक. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती गिचमिड दिसते, आणि चांगली हरकत वाया जाते. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, पोच जपून ठेवा.

नियम (कायद्याखाली सरकार करतं ते) आणि विधेयक (सभागृहात मांडलेला कायद्याचा मसुदा) यांतला फरकही लक्षात घ्या. मूळ कायद्यात 'पूर्वप्रसिद्धी'ची, म्हणजे नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करण्याची, अट असेल, तर केंद्रीय नियमांवर आलेल्या हरकती विचारात घेणं सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २३ नुसार बंधनकारक आहे. विधेयकाला तसं बंधन नाही. केंद्राचं २०१४ चं धोरण मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवा म्हणतं, आलेल्या मतांचा गोषवारा संकेतस्थळावर टाका म्हणतं. पण ते धोरण आहे, कायदा नाही. पाळलं नाही तर जाब कुठे विचारणार?

भाषेचंही तेच. २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यमापनाचा (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे तपासण्याच्या नियमांचा) मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणा, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ज्याच्या शेताशेजारी प्रकल्प येणार, त्याला मसुदा त्याच्या भाषेत मिळावा यासाठी कोर्टात जावं लागतं, ही गोष्ट मला फार लागते.

आपल्याकडे महाराष्ट्रात, कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदेशीर कारवाया रोखण्यासाठी आणलेल्या जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर होताना काही शब्द बदलले. उदाहरणार्थ, तपास अधिकारी उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाचा झाला. म्हणजे शब्द बदलतात! मग त्या १२ हजारांतल्या प्रत्येकाला आपली सूचना का घेतली किंवा का नाकारली, हे घरबसल्या पाहता यायला हवं. हे अशक्य नाही. ट्राय आलेली मतं जाहीर करतं, त्यांवर प्रतिमतं मागवतं आणि निर्णयासोबत कारणं छापतं. याउलट डेटा नियमांच्या वेळी कोणाचीही सूचना उघड केली जाणार नाही, फक्त नावं वगळून गोषवारा येईल, असं आधीच सांगून टाकलं होतं. लोकांना मनमोकळं लिहिता यावं, हे कारण मला पटत नाही. नाव झाका हवं तर, पण मजकूर आणि त्यावरचा अभिप्राय झाकू नका.

तोवर माहिती अधिकार आहे. दहा रुपयांच्या अर्जात दोनच गोष्टी मागा: आलेल्या सूचनांचा कलमवार गोषवारा आणि प्रत्येक सूचनेवरचा विभागाचा अभिप्राय. अर्ज अंतिम अधिसूचना निघाल्यावर करा. त्याआधी केला तर मंत्रिमंडळाची कागदपत्रं म्हणून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ खाली नकार येऊ शकतो; निर्णय होऊन प्रकरण संपलं की ती आडकाठी राहत नाही.